अर्धवट सोडलेला आरपीजी: सेव्हवरून पुढे जायचं की पुन्हा पहिल्यापासून?

सावईकडचा
मंडळी, एक सल्ला हवा आहे. 'पर्सोना ५ रॉयल' हा आरपीजी, म्हणजे आपलं पात्र वाढवत कथा पुढे नेण्याचा रोल-प्लेइंग गेम, चवथीच्या आधीपर्यंत जोरात चालला होता. मग घर रंगवणं, गणपतीवरच्या माटोळीचं सामान, मुंबईचे पाहुणे, आणि ते सगळं निस्तरेपर्यंत ऑफिसात ऑडिट. कंट्रोलरला हात लागला तो थेट काल, मुलगी झोपल्यावर. सेव्हमध्ये साठ-सत्तर तासांचा खेळ पडून आहे. पण कुठल्या पर्सोनाकडे (लढताना बोलवायच्या शक्ती त्या) कोणती जादू, पार्टीतलं कोण कशाला उपयोगी, कुणाला भेटायचं ठरवलं होतं, काही म्हणजे काही आठवेना. दोन फुटकळ शॅडोंनी, म्हणजे तिथल्या शत्रूंनी, अख्खी पार्टी झोपवली.

पहिल्यापासून सुरू करायचं तर सुरुवातीचे कित्येक तास हा गेम बोट धरून चालवतो, ते पुन्हा नको वाटतं. आहे तिथून पुढे जायचं तर सगळंच परकं. तुम्ही काय करता? पर्सोनाच पाहिजे असं नाही, कन्सोलवरच्या कुठल्याही आरपीजीचा अनुभव चालेल. फक्त शेवट सांगू नका.

चुडत
तिसरा मार्ग आहे. नवीन गेम घे आणि तोही अर्धवट सोड. माझं कपाट बघायला ये कधीतरी.

शुक्रवारचा_बाजार
पहिल्यापासून. डोळे झाकून.

आरपीजीत गोष्ट आणि गेमची यंत्रणा बरोबरच अंगवळणी पडतात. मधूनच उडी मारली की दोन्ही हातचं जातं. 'फायनल फँटसी ८' घे. त्यात जादू शत्रूकडून खेचून घ्यायची, एकेक मंत्र शंभरपर्यंत साठवायचा आणि तो आपल्या ताकदीला किंवा हेल्थला जोडायचा. जोडलेला मंत्र लढाईत वापरला की ताकद घटते. वर आणखी गंमत, आपली लेव्हल वाढली की शत्रूंचीही वाढते. हे गणित ज्याने पहिल्यापासून मांडलं त्याला ते लोण्यासारखं जातं. वर्षाने परत आलेला माणूस काय करणार? चार तास ग्राइंड करून, म्हणजे त्याच त्या लढाया मारून, लेव्हल वाढवणार. आणि त्या गेममध्ये नेमकं तेच अंगाशी येतं.

एक्सपी_शून्य
तुम्ही लोक चुकीचे गेम खेळता. 'एल्डन रिंग' सहा महिन्यांनी उघडला तरी काही आठवावं लागत नाही. मेलो, परत मेलो, हात आपोआप चालायला लागले. विषय संपला.

पुणेरी_बदली
विषय संपला नाही. त्यात आठवण्यासारखी गोष्टच सांगितलेली नसते, ती तलवारींच्या वर्णनात लपवून ठेवलेली असते. न वाचलेलं पुस्तक विसरता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एक्सपी_शून्य
काका, तुम्ही पहिल्याच बॉसला हरलात ना? खरं सांगा.

पुणेरी_बदली
काका नको म्हणूस. आणि तो पहिला बॉस हरण्यासाठीच ठेवलेला आहे.

तारवटी_बाब
सावईकार, या बाबतीत माझ्याएवढा अनुभवी माणूस तुला मिळायचा नाही. मी बोटीवर काम करतो. एकेक कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं. म्हणजे घरातला कन्सोल सुट्टीपुरता माझा, बाकी वर्षभर भाच्याचा. दर सुट्टीत पहिल्यापासून सुरू करत बसलो असतो तर आयुष्यात एकही आरपीजी पुरा झाला नसता.

माझी पद्धत अशी: निघायच्या आदल्या रात्री बॅग भरून झाली की वही काढतो. शाळेची शंभर पानी, दुसरं काही नाही. आत्ता कुठे आहे, पुढे कुठे जायचंय, कुठलं हत्यार विकायचं नाही, कुणाशी बोलणं अर्धवट राहिलंय. चार-पाच ओळी पुरतात. गोष्ट लिहायची नाही, ती नेटवर मिळते. आपण काय ठरवलं होतं ते लिहायचं, ते कुठेच मिळत नाही. एकदा मात्र वहीत सापडलं: "लाल दार अजून उघडू नको." का उघडू नको ते लिहिलेलं नाही. अजून उघडलं नाहीये.

काही गेम आपली ही अडचण ओळखून असतात. 'ड्रॅगन क्वेस्ट ११' मध्ये सेव्ह उघडला की आधी आतापर्यंतची कथा थोडक्यात सांगतात आणि मगच आत सोडतात. 'विचर ३' मध्ये लोडिंग चालू असताना तो शाहीर मागची हकीकत ऐकवतो. 'फायनल फँटसी १६' मध्ये तर चालू प्रसंग थांबवून समोरचा माणूस कोण, हे गाव कुणाचं, ते तिथल्या तिथे वाचता येतं. ज्याला घरसंसार आहे त्याने गेम घेताना ग्राफिक्सच्या आधी हे बघावं.

बोटीवर मी फक्त स्विच नेतो, आणि गेम कार्ट्रिजवर घेतो. समुद्रात नेट हे नशिबावर. डाउनलोड केलेला गेम ऐन वेळी "आधी ऑनलाइन या" म्हणाला तर केबिनच्या भिंतीकडे बघत बसायचं.

चुडत
लाल दार उघड बाबा. सगळा गोवा वाट बघतोय.

मास्तर_साखळी
नमस्कार. नातवाने हा धागा मोबाइलवर उघडून दिला. मी शाळेतून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली, व्हिडिओ गेम म्हणजे उड्या मारणारा मिशीवाला एवढीच माझी समज. साठ-सत्तर तास खेळून गेम अर्धवट कसा राहतो हे मला कळलं नाही. एवढा वेळ त्यात करतात तरी काय? विनोद नाही, खरोखर विचारतो आहे.

डिचोलीची_धाकटी
मास्तर, नमस्कार. उड्या मारण्याच्या गेममध्ये तुमची बोटं तरबेज होतात. आरपीजीत तुमचं पात्र तरबेज होतं. सुरुवातीला हातात काठी आणि अंगात काही नाही. शत्रू मारले की अनुभवाचे गुण मिळतात, ते साठले की पात्र एक पायरी चढतं, नवी विद्या येते. सोबतीला तीन-चार जण जमतात, प्रत्येकाची आपली कथा. गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, पैसे जमवून ढाल घ्यायची. कन्सोलवर ही वाट 1986 मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट'ने घालून दिली आणि पुढच्याच वर्षी 'फायनल फँटसी' आला. कीबोर्ड नाही, उंदीर नाही, चार दिशांचं बटण आणि आणखी दोन-चार बटणं. म्हणून सगळं मेनूत: लढा, जादू, वस्तू, पळा. आजही बरेच गेम याच चौकटीवर उभे आहेत. मुख्य कथा चाळीस तासांची, आणि वाटेत प्रत्येक गावात कुणाची तरी मांजर हरवलेली असते. ती शोधण्यात उरलेले साठ.

आता मूळ प्रश्न. मी सेव्हवाली आहे, आणि त्याला कारण आहे. आमच्याकडे पहिला प्लेस्टेशन होता तेव्हा त्याचं मेमरी कार्ड पंधरा खणांचं. दादाला क्रिकेटच्या गेमसाठी जागा हवी होती. त्याने माझा 'फायनल फँटसी ९' उडवला, तोही चौथ्या डिस्कवरचा. चार डिस्कचा गेम, लक्षात घ्या. तेव्हापासून माझ्या लेखी सेव्ह ही देवघरातली वस्तू आहे. ज्याचा सेव्ह शिल्लक आहे त्याने पहिल्यापासून सुरू करणं म्हणजे माज.

शुक्रवारचा_बाजार
दादाशी बोलतेस का अजून?

डिचोलीची_धाकटी
भाऊबीजेला. ओवाळणी दुप्पट घेते.

पोफळीच्या_भाटांत
सेव्ह उडण्याचं दुःख सोडा, सेव्हच होऊ न देणारी आमची वीज आहे की. जून लागला की माडाचं चुडत तारेवर पडलंच म्हणून समजा. जुन्या गेममध्ये मनात येईल तेव्हा सेव्ह करता येत नसे, सेव्हची जागा गाठावी लागे. गुहेत शिरून तासभर झालेला, पुढच्या वळणावर ती चमकणारी खूण दिसतेय, आणि फट्. पंखा बंद, टीव्ही बंद, फक्त बेडूक चालू.

डिचोलीची_धाकटी
@पोफळीच्या_भाटांत, गे बाय, जखमेवर मीठ चोळलंस. 'फायनल फँटसी १०' मध्ये थंडर प्लेन्स म्हणून माळ आहे. तिथे वीज पडते, पडदा पांढरा झाला की क्षणात बटण दाबून चुकवायची. अशा सलग दोनशे चुकवल्या की पार्टीतल्या लुलूच्या शेवटच्या हत्यारासाठी लागणारी मुद्रा मिळते. सलग. एक चुकली की पुन्हा शून्य, आणि किती झाल्या ते गेम सांगत नाही, आपण मोजायचं. मी पाटावर तांदळाचे दाणे मांडून मोजत होते. आषाढातली रात्र. पडद्यावरच्या विजा चुकवतेय, खिडकीबाहेर खऱ्या. दाण्यांची रास दीडशेच्या पुढे गेली असेल तेव्हा बाहेरची एक आमच्या ट्रान्सफॉर्मरवर पडली.

चुडत
ती चुकवायचं बटण कुठलं होतं?

शुक्रवारचा_बाजार
धाकटे, त्या माळावर एक खड्डा आहे. त्याच्या कडेला ठरावीक जागी पाऊल टाकलं की हटकून वीज पडते. ती लय एकदा हाताला बसली की दोनशे म्हणजे वीस मिनिटांचा खेळ. वॉकथ्रूमध्ये, म्हणजे गेमच्या गाइडमध्ये, असतं सगळं.

डिचोलीची_धाकटी
आता सांगतोयस!

पुणेरी_बदली
वॉकथ्रूचा विषय निघालाच आहे तर 2006 चा 'फायनल फँटसी १२' आठवा. त्यात झोडिॲक स्पिअर नावाचा भाला होता, गेममधल्या सर्वांत जबर हत्यारांपैकी. तो एका पेटीत मिळायचा, पण कधी? आधीच्या प्रवासात चार ठरावीक पेट्या उघडल्या नसतील तरच. त्या चार पेट्या दिसायला इतर शेकडो पेट्यांसारख्याच. गेममध्ये कुठेही, कुणीही ते सांगत नाही. पेटी दिसली की उघडायची ही सवय गेमनेच लावायची आणि तिचीच शिक्षाही गेमनेच करायची. असल्या गेमला गाइड न बघता खेळण्याचं व्रत ज्याने घेतलं त्याला माझा नमस्कार. 2017 मध्ये 'झोडिॲक एज' ही त्याची नवी आवृत्ती आली तिच्यात ती अट नाही, म्हणजे त्यांनाही पटलं असणार.

पण धाग्याच्या प्रश्नाला हाच गेम सर्वांत सोयीचा आहे, हेही सांगतो. त्यात पार्टीला नियम लिहून देता येतात: सोबत्याची हेल्थ अर्ध्याखाली गेली तर औषध, शत्रू उडणारा असेल तर बाण. एकदा ते नीट लावले की लढाई आपली आपण होते. मी दीर्घ खंडानंतर परतलो तेव्हा मला काही आठवत नव्हतं, पण माझ्या माणसांना सगळं आठवत होतं.

पोफळीच्या_भाटांत
कचेरीत असे लोक कुठे मिळतील?

तारवटी_बाब
विजेवरून सांगतो. जपानमध्ये पहिल्या दोन 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये सेव्हची सोयच नव्हती. खेळ थांबवताना गेम अक्षरांचा एक मंत्र द्यायचा, तो कागदावर उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात तो बावन्न अक्षरांपर्यंत जायचा. एक अक्षर चुकलं की सगळं मुसळ केरात. पण वीज जाऊ दे, कार्ट्रिज हरवू दे, कागद खिशात आहे तोवर तुमचा हिरो जिवंत. त्यानंतर कार्ट्रिजमध्ये नाण्याएवढी बॅटरी आली आणि सेव्ह तिच्यावर जगायला लागला. जुन्या गेमबॉयच्या पोकेमॉनचं तेच. बॅटरी मेली की सेव्ह गेला. ज्यांच्याकडे ती कार्ट्रिज पेटीत ठेवलेली आहेत त्यांनी एकदा लावून बघा.

शुक्रवारचा_बाजार
आणि पेटीत ठेवूही नका. समुद्राची हवा. माझ्या जुन्या मेमरी कार्डाच्या पट्ट्यांवर हिरवं चढलं होतं. दुरुस्तीवाल्याने "नवीन घ्या" म्हणून हात वर केले. मी शाळेच्या खोडरबरने हलकं घासलं, चालायला लागलं. डिस्कलाही पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकत जा, नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात त्या.

विजेचं म्हणाल तर छोटा यूपीएस घ्या, गेम नीट बंद करण्याइतकी मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. स्विचवाल्यांना हा प्रश्नच नाही, बॅटरी आतच आहे.

मास्तर_साखळी
धाकट्या बाई, फार छान समजावलंत. देव बरें करूं. पण आता दुसरी शंका. नातवाच्या गेममध्ये संकट आल्यावर शिवाचा धावा केला आणि पडद्यावर निळसर अंगाची एक बाई येऊन तिने सगळ्यांचा बर्फ केला. हा काय प्रकार?

पुणेरी_बदली
मास्तर, तो 'फायनल फँटसी'चा जुना रिवाज. 1990 च्या तिसऱ्या भागापासून त्यांची शिवा ही बर्फाची देवी आहे. त्यांच्या दरबारात अरबी कथांतला इफ्रित आगीचा, बहामुत ड्रॅगन, आणि चौथ्या भागात तीन तोंडांची असुरा राणी. जगभरच्या पुराणांतून नावं उचलायची आणि हवं तसं रूप द्यायचं.

मास्तर_साखळी
आमच्याकडे बर्फ शंकराच्या कैलासावर, तेवढं तरी जुळलं म्हणायचं.

डिचोलीची_धाकटी
या बाबतीत पर्सोना बनवणाऱ्यांनी अभ्यास जास्त केलाय. 2004 मध्ये प्लेस्टेशन २ वर त्यांचा 'डिजिटल डेव्हिल सागा' आला. उद्ध्वस्त जगात टोळ्या लढतायत, जिंकणाऱ्याला निर्वाण मिळणार. टोळीतले लोक राक्षसरूप घेतात, आणि ती रूपं कुणाची? वरुण, अग्नी, पृथ्वी, वायू, द्यौस. रूप घेतलं की भूक लागते आणि शत्रूला खाल्ल्याशिवाय माणूसपण टिकत नाही. मला वाटलं होतं नावं नुसती चिकटवलेली असतील. तसं नाही, भुकेचा आणि निर्वाणाचा संबंध शेवटपर्यंत सोडलेला नाही. आपल्याकडे कुणी हे केलं असतं तर पडद्यावर आधी चार मिनिटं घंटानाद असता.

एक्सपी_शून्य
पुण्यात बनलेला 'राजी' खेळलाय का कुणी? 2020 चा. दुर्गा, विष्णू, राजस्थानी किल्ले. आरपीजी नाही, पण दिसायला मस्त आहे.

पुणेरी_बदली
खेळलोय. छोटा आहे, भिंतींवरची चित्रं थांबून बघावी अशी. लढाई थोडी अडखळते. पुण्याचा असूनही टीका करतो, नोंद घ्यावी.

पेडण्याचा_संकासुर
उशिरा आलो, कामात होतो. एक्सपी_शून्य, वर तुझ्या बोलण्यात आलं नाही पण मनात असणारच की पाळीपाळीने लढणं हा काय वेडेपणा, शत्रू समोर उभा राहून आपली वाट का बघतो. अरे, आमच्या पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतार बघ. राजा तलवार काढतो. राक्षस काढतो. मग राजा बोलतो. पूर्ण बोलून होईतो राक्षस ऐकून घेतो. मग राक्षस बोलतो. मग पायपेटी आणि पखवाज चढतो, दोघं एक फेरा घेतात, तलवारीवर तलवार एकदा वाजते, आणि परत बोलणं. पहाटेपर्यंत. टर्न-बेस्ड म्हणजे दुसरं काय? लहानपणी भावाने 'फायनल फँटसी ७' लावला आणि दोन्ही बाजू रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्या गेमची आमची डिस्क जपानी भाषेतली होती, परदेशी डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेल्या कन्सोलवर चालायची. एक अक्षर कळत नव्हतं. मेनूतल्या ओळी जागेवरून पाठ: वरून दुसरी म्हणजे जादू, तिसरी म्हणजे बोलावणं वगैरे. गोष्ट आम्ही भावाभावांनी मनाने लावली होती. आमच्या मते तो पांढऱ्या केसांचा सेफिरॉथ हा हिरो क्लाउडचा चुलता होता आणि जमिनीचा वाद चालला होता.

चुडत
गावकीची, कोमुनिदादची जमीन असणार.

पोफळीच्या_भाटांत
संकासुरा, मग ती फुलंवाली मुलगी जाते तेव्हा काय समजलात?

पेडण्याचा_संकासुर
पुढच्या डिस्कला परत येईल असं समजलो. तीन डिस्कचा गेम होता. तिसरी संपेपर्यंत वाट बघितली.

सावईकडचा
अरे स्पॉयलर!!

पुणेरी_बदली
1997 चा गेम आहे. इतक्या वर्षांत त्याची नवी आवृत्तीही दोन भाग येऊन गेली. आता तक्रार चालणार नाही.

पोफळीच्या_भाटांत
मूळ प्रश्नावर माझं मत द्यायचं राहिलं. आम्ही दोघं नवरा-बायको 'बाल्डर्स गेट ३' खेळतो. प्लेस्टेशन ५ वर पडदा दुभागून दोघांना एकत्र खेळता येतो. सासूबाईंची मालिका संपली की टीव्ही आमचा. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी जमेलच असं नाही, मुलांच्या परीक्षा आल्या की महिनाभर सुट्टी. पण परत आल्यावर अडत नाही. नवऱ्याला फक्त लढाया आठवतात: कुठल्या पुलावर कुणाला ढकललं, तेलावर आग कशी लावली. मला माणसं आठवतात: कुणाला काय शब्द दिला होता, कोण खोटं बोललं. दोघांचं मिळून एक डोकं होतं. भांडण एकाच गोष्टीवर, तो बोलायला पुढे जातो आणि घाईत तिसरंच उत्तर निवडतो. मी जिला आठवडाभर समजावत होते तिच्याशी त्याने एका वाक्यात लढाई लावून दिली.

तेव्हा सावईकार, बायकोला शेजारी बसव. खेळायला नाही तर नुसतं बघायला. आठवण ठेवण्यात त्या पुढे असतात.

सावईकडचा
बायको म्हणते, "त्या शाळेच्या पोरांचं अजून संपलं नाही?" तेव्हा तो मार्ग बंद.

डिचोलीची_धाकटी
सावईकार, इतकं सगळं बोलून झालं पण मुद्द्याचं कुणी विचारलंच नाही. तुझ्या सेव्हमध्ये गेममधली तारीख कुठली आहे?

सावईकडचा
सप्टेंबरचा शेवट. का गे?

डिचोलीची_धाकटी
मग ऐक. कथेतलं काही सांगत नाही, फक्त वेळापत्रक. पर्सोना हा कॅलेंडरवर चालतो, गेलेला दिवस परत येत नाही. मूळ गेममध्ये नसलेला एक मोठा भाग 'रॉयल'मध्ये जोडलाय. तो उघडण्यासाठी शाळेतले समुपदेशक मारुकी यांच्याशी तुझी ओळख 18 नोव्हेंबरच्या आत नवव्या पायरीला पोचलेली लागते. नाही पोचली तर गेम जुन्या जागी संपतो, आणि तुला कळणारही नाही की काही राहिलं. मेनूत कॉन्फिडंटची, म्हणजे ओळख वाढवलेल्या लोकांची, यादी उघड, तिथे पायरी लिहिलेली असते. तू सप्टेंबरात आहेस म्हणजे हातात वेळ आहे. डिसेंबरात असतास आणि मारुकी तिसऱ्या पायरीवर असता तर मीच तुला म्हटलं असतं, पहिल्यापासून सुरू कर.

पुणेरी_बदली
हे एकदम बरोबर. त्यात दुसरी गोष्ट घाला. सप्टेंबरअखेर म्हणजे त्याच्यापुढे ओकुमुरा या बॉसशी लढाई आहे. ती 'रॉयल'मध्ये भल्याभल्यांना रडवते. अर्ध्या तासाचं घड्याळ लागतं, यंत्रमानवांच्या लाटा येतात, प्रत्येक लाटेची दुखरी नस वेगळी, आणि दोन पाळ्यांत सगळी लाट आडवी केली नाही तर पळून जाते नि तिच्या जागी ताजी येते. हात गंजलेल्या माणसाने सरळ तिथे जाऊ नये.

एक्सपी_शून्य
म्हणजे टर्न-बेस्डमध्येही हात लागतात तर. नोंद घ्यावी.

पुणेरी_बदली
डोकं लागतं. गंजलेलं डोकं म्हणायचं होतं.

शुक्रवारचा_बाजार
मी पहिल्यापासूनवाला, पण धाकटीचं म्हणणं मान्य. या केसमध्ये पुढे जा. मात्र दोन-तीन संध्याकाळी नुसत्या मेमेंटोजच्या भुयारात घालव. तिथे कथा पुढे सरकत नाही, साध्या लढाया भरपूर. एकेका सोबत्याला पुढे घेऊन बघ कोण काय करतो. आग, बर्फ, वीज, वारा, सगळ्या प्रकारची जादू तुझ्या पर्सोनांकडे मिळून आहे का ते तपास, नसेल तर वेल्व्हेट रूममध्ये पर्सोनांच्या जोडण्या करून नवे बनव. सुरुवातीला डिफिकल्टी एक पायरी खाली आण, सेटिंगमध्ये बदलता येते. कुणी बघायला येत नाही.

आणि आधी वेगळ्या जागेवर सेव्ह कर. जुन्यावर नको.

तारवटी_बाब
आणि वही.

सावईकडचा
मारुकी सहाव्या पायरीवर आहेत! म्हणजे आधीच्या मला बरीच अक्कल होती म्हणायची. काल मेमेंटोजमध्ये जाऊन आलो. मोर्गाना औषधपाणी करतो, माकोतोकडे अणूची जादू, युसुके बर्फ, हे हळूहळू परत बसतंय. वारा कुणाचा ते शोधत होतो, तोही मोर्गानाचाच निघाला. डिफिकल्टी खाली आणली आहे, वर परत कधी नेईन सांगता येत नाही. पुढे जातोय, पहिल्यापासून नाही. ओकुमुराची भीती मात्र बसली.

मास्तर_साखळी
चुलत्याच्या जमिनीचा तो खटला कुठल्या गेममध्ये होता म्हणालात? नातवाला तोच हवा आहे.

पेडण्याचा_संकासुर
मास्तर, 'फायनल फँटसी ७'. पण नातवाला इंग्रजीतला द्या, त्यात जमिनीचा खटला नाही. आमची डिस्क कपाटात आहे, हवी तर म्हापशाला येताना आणतो.

डिचोलीची_धाकटी
कन्सोल कुठून आणणार पण? तो जुना प्लेस्टेशन चालू आहे का तुझा?

पेडण्याचा_संकासुर
उलटा ठेवला की चालतो.